मजकूर आपला, किल्ली दुसऱ्याची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० सांभाळणं थांबवलं. दिवाळी तोंडावर होती. आम्हा डीटीपीवाल्यांचे, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांचे, ते सर्वांत धावपळीचे दिवस. अंकांची शेवटची पानं, ऐन वेळी आलेल्या जाहिराती, तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांची पहिली प्रुफं. त्यातच एका आठवड्यात दोन माणसं दुकानात आली. दोघांचं दुखणं एकच, नवा संगणक घेतला आणि जुनं काही उघडेना. एकाचं काम तासाभरात झालं. दुसऱ्याचं अजून चालू आहे. हा फरक का पडला, तेच मला मांडायचं आहे.

पहिले आले ते एका छोट्या पतसंस्थेचे व्यवस्थापक. त्यांचा हिशेब १९९६पासून फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या प्रोग्राममध्ये, तोही विंडोजच्या आधीच्या डॉसवरच्या. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊसला काम नाही. संस्थेने मधल्या काळात संगणक तीनदा बदलला, पण दर वेळी कुणी जाणत्या माणसाने ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीची, विंडोज टाकून दिली आणि प्रोग्राम चालत राहिला. या वेळी विंडोज ११ आली. तिची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही, आणि ६४-बिट विंडोजमध्ये डॉसचे १६-बिट प्रोग्राम चालवायची सोय मायक्रोसॉफ्टने कधी ठेवलीच नव्हती. १९८१ साली आलेल्या डॉसचे प्रोग्राम विंडोजवर थेट चालण्याची वाट अशी विंडोज १०पाशी संपली. सभासदांना दिवाळीआधी लाभांश वाटायचा होता आणि व्यवस्थापकांचा चेहरा पार उतरला होता.

मी त्यांच्या जुन्या संगणकातल्या डीबीएफ फाइली, फॉक्सप्रो नोंदी ठेवतं त्या, पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि नव्या संगणकावर लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिस प्रोग्राममध्ये उघडल्या. सगळं समोर आलं. सभासद क्रमांक, भाग, कर्ज, हप्ते, व्याज. त्यांनी पाठ असलेले तीन खातेक्रमांक शोधले, शिल्लक वहीशी ताडून पाहिली. पैशाचाही फरक नव्हता. रोजच्या कामापुरता जुना प्रोग्राम डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये चालू करून दिला आणि मार्चअखेर नवं सॉफ्टवेअर घ्या, असं सांगून त्यांना पाठवलं.

दुसरे आले ते निवृत्त शिक्षक. आमच्या भागात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्यांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. १६८ पानांचं पुस्तक, २००७ साली शेजारच्या तालुक्यातल्या एका प्रेसमध्ये छापलेलं. प्रती संपल्या, प्रेसही बंद पडली. प्रेसच्या मालकांनी मात्र बंद करताना आठवणीने सगळी फाइल सीडीवर घालून दिली होती. गुरुजींनी ती सीडी कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती. एक ओरखडा नव्हता तिच्यावर. आता मुलाने नवा संगणक घेऊन दिला होता आणि दुसरी आवृत्ती काढायची होती. त्यांना वाटत होतं की फक्त चार पानं वाढवायची, बाकी तयारच आहे.

सीडी वाचली गेली. फाइल पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रामची होती. दुकानात कोपऱ्यात विंडोज एक्सपीवरचा एक जुना संगणक मी याच कामांसाठी ठेवला आहे, नेटची तार काढून. त्यावर पेजमेकर आहे. फाइल उघडली, आणि पानभर युरोपी अक्षरं दिसायला लागली. कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या पायाशी शेपटी, मधेच पौंडाचं चिन्ह, मधेच उलटं प्रश्नचिन्ह. गुरुजींनी चष्मा पुसला, दोनदा वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे माझं नाही."

ते त्यांचंच होतं. शब्द न् शब्द. पण ज्या कंपनीच्या फॉन्टमध्ये ते जुळवलेलं होतं तो फॉन्ट माझ्याकडे नव्हता. तो एका लॉकवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणावर, चालायचा आणि ते लॉक प्रेसबरोबर गेलं. कंपनीला फोन केला. ती आवृत्ती बंद झाली, नवी घ्या, नवीत जुना मजकूर बदलून देणारा कन्व्हर्टर आहे, असं उत्तर मिळालं. नवीतला कन्व्हर्टर त्या जुन्या फॉन्टसाठी नाही, हे पुढच्या फोनवर कळलं.

एकोणतीस वर्षांपूर्वीचा हिशेब आणि अठरा वर्षांपूर्वीचं पुस्तक. जुनं होतं ते वाचलं, त्या मानाने नवं होतं ते अडकलं. डीबीएफ फाइलची रचना जगाला माहीत आहे. कितव्या अंकापासून नाव सुरू होतं, कितव्यापासून रक्कम, हे कुणालाही वाचता येतं. म्हणून ज्या प्रोग्रामने ती फाइल तयार केली तो संपला तरी फाइल जिवंत राहिली. गुरुजींच्या पुस्तकातलं कोणतं अक्षर कुठे ठेवलं आहे हे मात्र एकाच कंपनीला ठाऊक होतं, आणि तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

हे कसं झालं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण यात कुणाचं कपट नव्हतं. ज्या काळात संगणकाला फक्त रोमन अक्षरं कळत होती त्या काळात मराठी छापायचं तर एकच युक्ती होती. फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसवायचा. संगणकाला वाटतं की आपण इंग्रजी दाखवतोय, माणसाला दिसतं मराठी. जागा थोड्या, दोनशेच्या आसपास, आणि मराठीला आकार खूप लागतात. मग अर्धा श वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा, रफार जोडलेली वेलांटी आणखी वेगळी. कोणता आकार कोणत्या जागी ठेवायचा हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी अशी कितीतरी घराणी झाली आणि एकाचं दुसऱ्याला कळेना. या सगळ्यांनी मराठी छपाईवर उपकार केले आहेत. खिळे जुळवणारे हात थकत चालले होते तेव्हा या फॉन्टनीच वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं उभी केली. माझं घर त्यांच्यावर चाललं. म्हणून त्यांच्याविषयी वाकडं बोलायला माझी जीभ उचलत नाही.

पण त्याच काळात दुसरी वाटही होती. इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचं मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली जाहीर केलं, आयएस १३१९४ या क्रमांकाने. त्यात आकारांना नव्हे, अक्षरांना जागा होती. क म्हणजे क, मग तो अर्धा दिसो की पूर्ण. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट तंत्रात, संगणकात बसवायच्या कार्डावर, हेच मानक होतं. त्याच वर्षी युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या मानकाची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच बेतला गेला. म्हणून आजही कुणाकडे इस्कीतली जुनी फाइल निघाली तर ती जवळजवळ जशीच्या तशी युनिकोडमध्ये नेता येते. ती बनवणारं कार्ड गेलं, तो संगणक भंगारात गेला, तरी मजकूर शाबूत. पतसंस्थेच्या डीबीएफसारखंच. मानक जाहीर होतं, एवढंच कारण.

मग आम्ही छपाईवाले त्या वाटेने का गेलो नाही? कारण पान पेजमेकरमध्ये लागायचं आणि पेजमेकरला फॉन्ट कळायचा, लिपी कळायची नाही. विंडोज २०००पासून मंगल फॉन्ट आणि युनिकोड मराठी संगणकात आयतं आलं होतं. पण पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ची, आणि तिच्यात युनिकोडला जागाच नव्हती. २००४मध्ये अडोबीने पेजमेकरचा विकासच थांबवला. तरी आम्ही पुढे कितीतरी वर्षं त्यावरच पानं लावत बसलो, कारण ऑपरेटरचे हात त्यावर बसले होते, गिऱ्हाइकाला उद्या सकाळी काम हवं असायचं, आणि छापून आलेलं पान तर उत्तमच दिसत होतं. आपण मजकुराचं भवितव्य कुठे ठेवतोय हे मीही त्या काळात कधी स्वतःला विचारलं नाही. २००७ साली गुरुजींचं पुस्तक माझ्याकडे आलं असतं, तरी मी ते तसंच जुळवलं असतं.

आता कुणी म्हणेल की मग बदलूच नका, चालतंय ते चालू द्या. हे मला मान्य नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम आला तेव्हा ब्रिटनच्या रुग्णालयांपासून आंध्र प्रदेशच्या पोलीस ठाण्यांपर्यंतचे संगणक कुलूपबंद झाले. ज्या छिद्रातून तो शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्ये, दिली होती. एक्सपीला मात्र ती हल्ला झाल्यावर, अपवाद म्हणून दिली, कारण एक्सपीचा आधार एप्रिल २०१४मध्येच संपला होता. त्याच छिद्राचा वापर करणाऱ्या नॉटपेट्या या दुसऱ्या हल्ल्याने जूनमध्ये न्हावा शेवाच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. पतसंस्थेत लोकांचे पैसे आहेत, दवाखान्यात लोकांचे आजार लिहिलेले आहेत. तिथे विनाआधाराची विंडोज नेटला जोडून ठेवणं हा लोकांशी केलेला बेजबाबदारपणा आहे. बदल करायलाच हवा.

पण जो करत नाही तो आळशी, असं जे सर्रास बोललं जातं ते मला बोचतं. त्याच्या जागी उभं राहून पाहा. २०१६ साली घेतलेला धडधाकट संगणक विंडोज ११ला चालत नाही. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर सहसा यादीत बसत नाही. म्हणजे नवा संगणक. नव्या संगणकाला जुना प्रिंटर ओळखू येत नाही, कारण त्याचा ६४-बिट ड्रायव्हर कंपनीने काढलाच नाही. फॉन्टचं लॉक समांतर पोर्टवर, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या जोडणीवर, लागायचं, तो पोर्टच आता नाही. अडोबीने जानेवारी २०२३पासून टाइप १ या जुन्या पद्धतीचे फॉन्ट घेणं बंद केलं. अडोबीच्याच इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये सीएस६ आवृत्तीपर्यंत पेजमेकरची फाइल उघडायची, नंतरच्या क्लाउड आवृत्त्यांतून तीही सोय गेली. यातला प्रत्येक निर्णय त्या त्या कंपनीच्या दृष्टीने रास्त असेल. पण तालुक्याच्या गावातल्या माणसाच्या दारात ते सगळे एकत्र येऊन उभे राहतात. म्हणून तो कोपऱ्यातला संगणक बंद करत नाही. त्याची अख्खी कमाई त्यात असते.

जुनं सांभाळणं अशक्य असतं, हेही खरं नाही. एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख टाकून पाहा. ती मान्य होते. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, अशी तारीख कधी उगवलीच नाही. पण लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्राममध्ये ही चूक होती, त्याच्या फाइली एक्सेलमध्ये बिनचूक चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक मुद्दाम घेतली आणि आजपर्यंत सांभाळली. जगभरच्या मोठ्या कंपन्यांचे हिशेब लोटसमध्ये होते, म्हणून एक चुकीचा दिवससुद्धा चाळीसएक वर्षं जपला गेला. मराठी फॉन्टच्या मागे तेवढं वजन कुणाचंच नव्हतं. छोटे प्रेसवाले, साप्ताहिकं, शाळा, ग्रामपंचायती. त्यांच्या वतीने बोलण्याची जबाबदारी सरकारची होती आणि ती पार पाडली गेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण हे नुकसान एका गुरुजींपुरतं नाही. १९९०पासून पुढची वीस-पंचवीस वर्षं मराठीत जे छापलं गेलं त्याचा फार मोठा भाग अशा फॉन्टमध्ये आहे. साप्ताहिकांचे अंक, विद्यापीठांत दिलेले प्रबंध, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, बोलीभाषांतल्या गोष्टींचे संग्रह. यातलं काही पीडीएफ करून ठेवलं आहे आणि आपलं समाधान झालं आहे. त्या पीडीएफमध्ये एखादा मराठी शब्द शोधून पाहा. सापडणार नाही. दिसायला मराठी आहे, आत रोमन अक्षरांचा कालवा. शोधयंत्राला तो मजकूर मराठी म्हणून कळतच नाही. आणि जी व्यक्ती डोळ्यांनी पाहू शकत नाही, पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, तिच्यासाठी त्या पानावर निव्वळ गोंगाट आहे. सरकारी कार्यालयाने आपल्या संकेतस्थळावर असा अहवाल ठेवला तर त्या माणसापुरता तो ठेवलेलाच नसतो.

छापील पुस्तक स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे चित्रावरून अक्षरं ओळखून घ्या, हा सल्ला मला हमखास मिळतो. देवनागरीचं ओसीआर आता बरंच सुधारलं आहे, मीही वापरतो. पण जिथे छापील प्रत जीर्ण आहे, किंवा उरलेलीच नाही, तिथे काय? आणि जो मजकूर एका माणसाने एकेक कळ दाबून संगणकात घातला आहे, तो त्याच संगणकाने कागदाच्या फोटोवरून पुन्हा ओळखायचा, हा उलटा प्रवास का करायचा? फॉन्टच्या कोणत्या जागी कोणतं अक्षर आहे याचा तक्ता मिळाला तर ते काम काही मिनिटांचं आहे.

तक्ता मिळाला तरी काम सोपं नाही, हेही सांगतो. 'मार्मिक' हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये तो डोळ्याला दिसतो त्या क्रमाने जुळवलेला असतो, म्हणजे म, काना, वेलांटी, म, वरचा रफार, क. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने हवा. म, काना, र, त्याचा पाय मोडणारं चिन्ह, म, वेलांटी, क. म्हणजे कन्व्हर्टरने वेलांटी उचलून दुसऱ्या म नंतर न्यायची आणि रफार उचलून त्याच म आधी आणायचा. 'स्थिती'त वेलांटीला अर्धा स आणि थ या दोघांवरून उडी मारावी लागते. एवढं केलं की हिंदीचं काम बहुतेक होतं. मराठीचं होत नाही. आपल्याकडे दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या. हा अर्धा, आडवा र पुष्कळ कन्व्हर्टरना माहीतच नसतो. ते सरसकट रफार करून मोकळे होतात, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र शिरतो. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोकांनी अ वर चंद्र ठेवून काम भागवलं. दोन्ही दिसायला सारखे, पण संगणकाला वेगळे. एकात शोधलं तर दुसऱ्यातलं सापडत नाही. हे सगळं नीट करायला मराठी जाणणारी माणसं, वेळ आणि पैसा लागतो. काही हौशी मंडळींनी स्वतःच्या रात्री घालवून फुकट कन्व्हर्टर करून ठेवले आहेत. माझ्यासारख्यांची कितीतरी कामं त्यांच्यामुळे झाली. पण एका भाषेच्या पंचवीस वर्षांच्या मजकुराचा भार चार-सहा जणांच्या मोकळ्या वेळावर टाकणं योग्य नाही.

फॉन्ट ही कंपनीची मालमत्ता आहे, त्यांना तक्ता द्यायला कसं सांगणार, असा प्रश्न येतो. अक्षराचं वळण, त्यातली जाड-बारीक रेषा ही त्यांच्या कलाकाराची निर्मिती आहे. तिला मी हात लावत नाही. पण अमुक जागी अमुक अक्षर आहे ही माहिती म्हणजे आमच्याच मजकुराची किल्ली आहे. मजकूर गुरुजींचा, जुळवणीचे पैसे गुरुजींनी दिले, फॉन्टचे पैसे प्रेसने दिले. मग किल्ली कुणाची? आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही याला आधार आहे. कलम ५२(१)(कख)प्रमाणे, स्वतंत्रपणे केलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून चालवण्यासाठी आवश्यक माहिती एरवी सहज मिळत नसेल, तर प्रोग्राम रीतसर बाळगणाऱ्याला ती मिळवण्यासाठी लागेल ते करण्याची मुभा आहे. म्हणजे कायद्यालाही अशी कुलपं कायमची बंद राहावीत असं वाटत नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं, वाहनं ही क्षेत्रं त्यात घेतली. ट्रॅक्टर दुरुस्त करण्याचा हक्क हवा हे सरकारला पटलं. स्वतःचा मजकूर वाचण्याचा हक्क त्याहून मागे का राहावा?

मला जे हवं आहे ते अवघड नाही. केंद्र सरकारने २००९मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवलं, राज्यानेही युनिकोड वापरा म्हणून आदेश काढले. ते पुढच्या कामासाठी झाले. मागच्या मजकुराचं काय, याचं उत्तर कुठेच नाही. ते राज्य मराठी विकास संस्थेने आणि मराठी भाषा विभागाने द्यावं. महाराष्ट्रात विकल्या गेलेल्या प्रत्येक जुन्या फॉन्टचा तक्ता कंपन्यांकडून मागून घ्यावा, ज्या कंपन्या मिटल्या त्यांच्या फॉन्टचे तक्ते जाणकारांकडून करून घ्यावेत, आणि ते सगळं कुणालाही उतरवून घेता येईल असं जाहीर करावं. सी-डॅक पुण्यातच आहे, हे ज्ञान त्यांच्या घरचं आहे. त्यावरून एक कन्व्हर्टर व्हावा, नेटशिवाय चालणारा, आडवा र आणि ॲ जाणणारा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने शिलालेख आणि ताम्रपट जपण्याविषयी खूप बोललं जातंय, आणि ते व्हायलाच हवं. पण १९९८ सालचं साप्ताहिक आज शिलालेखापेक्षा लवकर नाहीसं होतंय. शिलालेख वाचणारे निदान आहेत.

दुसरी गोष्ट खरेदीची. जिल्हा परिषद, महापालिका, विद्यापीठ, सहकारी संस्था यांनी कोणतंही सॉफ्टवेअर घेताना करारात एक अट घालावी. तुम्ही ही आवृत्ती बंद कराल त्या दिवशी आमची सगळी माहिती खुल्या रचनेत काढून द्याल, किंवा रचना जाहीर कराल. ही अट नसेल तर बिल मंजूर होऊ नये. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ने अभिलेख जपण्याची जबाबदारी कार्यालयांवर टाकली आहे. जी फाइल कपाटात आहे पण कुणालाच वाचता येत नाही, ती जपली असं म्हणता येईल का? माझ्या मते नाही.

आणि आपण प्रत्येकाने आपल्यापुरतं एक करावं. जुना संगणक भंगारात द्यायच्या आधी, तो चालू आहे तोवर, त्यातल्या फाइली कोणत्या प्रोग्रामच्या आणि कोणत्या फॉन्टमधल्या हे कागदावर लिहून ठेवावं. फॉन्टच्या फाइलींची प्रत मजकुराबरोबरच ठेवावी. छापून दाखवलेलं एक पान सोबत असावं. गुरुजींच्या प्रेसमालकांनी सीडीवर फॉन्टचं नाव लिहिलं असतं तरी माझा महिनाभर वाचला असता.

शेवटी मी तो तक्ता हाताने केला. छापील पुस्तक शेजारी ठेवायचं, पडद्यावरचं चिन्ह आणि पुस्तकातलं अक्षर जुळवत जायचं, वहीत टिपायचं. टोपीवाला ए म्हणजे अर्धा त. पौंड म्हणजे ह्म, आणि हे कळलं ते 'ब्राह्मण' या शब्दावरून. असं करत एकशे नव्वदच्या वर जागा भरल्या. मग कन्व्हर्टर चालवला आणि पहिल्यांदा पडद्यावर मराठी दिसलं. गुरुजी शेजारच्या खुर्चीत होते. काही बोलले नाहीत, पहिला परिच्छेद ओठांतल्या ओठांत वाचला.

आता दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ते येतात. ते छापील प्रतीतून मोठ्याने वाचतात, मी पडद्यावर बोट ठेवून पाहतो. परवा 'मोऱ्यांच्या विहिरी'पाशी पोचलो. तीन ठिकाणी तिची 'मोर्यांची' झाली होती, ती दुरुस्त केली. पुस्तकाच्या शेवटी परिशिष्ट आहे. १९७२च्या दुष्काळात गावच्या तलावाच्या कामावर गेलेल्या बायका-माणसांची यादी, गुरुजींनी घरोघर जाऊन लिहून घेतलेली. तिथे शब्दकोश कामाचा नाही, एकेक नाव डोळ्यांनीच पाहायला लागतं. एकशे बारा नावं राहिली आहेत.